एकाच भाषेचा मनोरथ

असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी या अमेरिकन संस्थेच्या मासिकाच्या जानेवारी १९६१ च्या अंकावर बाबेलच्या मनोऱ्याचे चित्र छापलेले आहे. स्वर्गाला भिडेल असा मनोरा बांधू निघालेल्या माणसांच्या भाषा परमेश्वराने भिन्न केल्या, एकाचे बोलणे दुसऱ्याला उमगेना आणि बांधकाम जागच्या जागी राहिले, ही ती बायबलातील कथा. परंतु या चित्रातील मनोऱ्यावर जी नावे आहेत ती मानवी भाषांची नसून संगणकाला आज्ञा देण्यासाठी रचलेल्या कृत्रिम भाषांची आहेत. त्यांतील सर्वत्र रूढ झालेली पहिली भाषा म्हणजे फोरट्रॅन, आणि ती एप्रिल १९५७ मध्ये ग्राहकांच्या हाती पडली होती. म्हणजे चार वर्षेही लोटली नव्हती तोच या धंद्यातील जाणत्या माणसांना आपल्या दारी बाबेल उभा राहिल्याची चिंता लागली होती. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने किती भाषा उत्तम जाणाव्यात, हा आज पुण्या-बंगळुरूच्या कचेऱ्यांतून आणि महाविद्यालयांतून विचारला जाणारा प्रश्न तेव्हापासूनचा आहे, आणि त्या त्या काळच्या कर्त्या लोकांना त्यावर सुचलेला पहिला तोडगाही बहुधा एकच राहिला आहे: सर्वांना पुरेल अशी एक भाषा निर्माण करू, म्हणजे प्रश्नच मिटेल. तो मनोरथ कसा रचला गेला, कसा मोडला आणि मोडताना प्रोग्रॅमरच्या हाती काय ठेवून गेला, हे पाहिल्यावाचून संख्येचा वाद घालण्यात मला अर्थ दिसत नाही.

भाषा नव्हत्या असाही एक काळ होता. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या यंत्राने ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्रॅम चालवला, तेव्हा त्याला दिलेली आज्ञा म्हणजे एक अक्षर आणि त्यापुढे स्मृतीतील एका घराचा क्रमांक. बेरजेला 'ए', वजाबाकीला 'एस'. आणि कागदी पट्टीवर छिद्रे पाडून दिलेली ही अक्षरे यंत्राच्या द्विमान अंकांत उतरवण्याचे काम डेव्हिड व्हीलर या तरुणाने लिहिलेल्या अवघ्या ३१ आज्ञा करीत. आपल्याकडे होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली जो संगणक येथेच घडवला गेला, १९६० मध्ये कामास लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते ज्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले, त्याची स्मृती २०४८ शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा होता. अशा यंत्रावर काम करणाऱ्याला भाषा किती याव्यात हा प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते. जितकी यंत्रे तितक्या बोली, आणि माणूस ज्या यंत्राच्या पदरी असेल त्याचीच बोली त्याने शिकायची. १९६४ साली त्याच संस्थेत कंट्रोल डेटा कंपनीचा ३६०० हा संगणक आला, तेव्हा टिफ्रॅकच्या बोलीत लिहिलेले प्रोग्रॅम त्यावर जसेच्या तसे चालण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु मोठे गणित लहान पायऱ्यांत कसे फोडावे, मधली फळे कोठे ठेवावीत, चूक शोधताना स्वतःला यंत्राच्या जागी कल्पून एकेक पायरी कशी चालावी, ही जी विद्या त्या माणसांनी अर्जित केली होती ती यंत्राबरोबर मोडीत निघाली नाही.

फोरट्रॅनचा जन्म खर्चाच्या हिशेबातून झाला. १९५३ च्या अखेरीस जॉन बॅकस यांनी आयबीएममधील आपल्या वरिष्ठांपुढे जी तजवीज मांडली तिच्यामागील विचार असा की, संगणक-केंद्रात प्रोग्रॅमरांच्या वेतनावर होणारा खर्च यंत्राच्या खर्चाइतका तरी असतोच, आणि शिवाय यंत्राचा पाव ते अर्धा वेळ प्रोग्रॅममधील चुका काढण्यात जातो. तेव्हा गणिती सूत्र कागदावर लिहितो तसे लिहावे आणि त्याचे यंत्राज्ञांत रूपांतर यंत्रानेच करावे. हे रूपांतर करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. हाताने आज्ञा लिहिण्यात मुरलेल्या मंडळींचा यावर विश्वास नव्हता. कसबी माणसाने लिहिलेल्या आज्ञांच्या तोडीच्या आज्ञा यंत्र रचू शकेल, ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती, आणि म्हणूनच बॅकस यांच्या चमूने भाषेच्या सौंदर्यापेक्षा कंपायलरने काढलेल्या आज्ञांच्या वेगावर आपली बहुतेक शक्ती खर्च केली. तो वेग सिद्ध झाला तेव्हा विरोध ओसरला.

फोरट्रॅनचे ऐंशी रकान्यांचे पंच कार्ड जरा जवळून पाहण्यासारखे आहे. पहिले पाच रकाने विधानाच्या क्रमांकाचे, सहाव्यात काही खूण असली तर मागील कार्डावरील विधान पुढे चालू आहे असे समजायचे, सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत प्रत्यक्ष मजकूर, आणि उरलेले आठ रकाने कार्डांचा गठ्ठा हातून पडून विस्कटलाच तर तो पुन्हा लावता यावा म्हणून अनुक्रमांकासाठी. पहिल्याच रकान्यात 'सी' हे अक्षर असेल तर ते कार्ड केवळ माणसासाठी लिहिलेला शेरा आहे असे मानून कंपायलर पुढे जाई. चलाचे नाव 'आय' पासून 'एन' पर्यंतच्या अक्षराने सुरू झाले तर ती संख्या पूर्णांक, एरवी अपूर्णांकासह. हे नियम ज्याच्या बोटांत बसले त्याला आपण प्रोग्रॅमिंग शिकलो असे वाटणे स्वाभाविक होते. पण त्यातील किती भाग विद्येचा आणि किती भाग एका कंपनीच्या कार्डाचा व एका चमूच्या सोयीचा, हे त्याला सांगता येणे शक्य नव्हते, कारण ताडून पाहायला त्याच्याजवळ दुसरी भाषाच नव्हती.

दुसरी भाषा आली ती व्यापारी आणि सरकारी दफ्तरांच्या निकडीतून. २८ आणि २९ मे १९५९ रोजी पेंटागॉनमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आश्रयाखाली संगणकाचे उत्पादक, मोठे ग्राहक आणि सरकारी खाती यांची सभा भरली, आणि कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर चालेल, शिवाय इंग्रजी जाणणाऱ्या व्यवस्थापकाला वाचता येईल, अशी भाषा रचण्याचे ठरले. तीच कोबोल. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या भाषेचा तिच्यावर मोठा ठसा होता. समितीच्या हातून काही निष्पन्न होईल असे सर्वांनाच वाटत होते असे नाही. आरसीए कंपनीचे हॉवर्ड ब्रॉमबर्ग तर इतके वैतागले की त्यांनी थडग्यावरचा दगड विकत घेऊन त्यावर 'कोबोल' हे नाव कोरवले आणि तो संरक्षण खात्यातील चार्ल्स फिलिप्स यांच्याकडे पाठवून दिला. तो दगड आजही कॅलिफोर्नियातील संगणक-इतिहासाच्या संग्रहालयात आहे. परंतु डिसेंबर १९६० मध्ये कोबोलमधील एकच प्रोग्रॅम आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक २ या दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवण्यात आला, आणि ज्या यंत्राला कोबोलचा कंपायलर नाही ते घेण्यास संरक्षण खाते राजी नसते अशी जरब बसल्यावर त्या भाषेचा अंमल सर्वत्र बसला.

दोन भाषांची गरज का पडली, हे उमगण्यासाठी दहा पैशांचे उदाहरण घ्यावे. योगायोग असा की, ज्या एप्रिल १९५७ मध्ये फोरट्रॅन बाहेर पडली त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला आपल्याकडे दशमान नाणेपद्धती सुरू होऊन रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आता रुपयाचा दशांश आपल्याला ०.१ असा नेटका लिहिता येतो. परंतु द्विमान पद्धतीत तो लिहू जाता अंकांची आवर्तने कधीच संपत नाहीत, जसा एकतृतीयांश आपल्या दशमान पद्धतीत संपत नाही. फोरट्रॅनमधील अपूर्णांक यंत्राच्या द्विमान रूपात ठेवले जात, त्यामुळे दहा पैसे दहा वेळा मिळवले असता बरोबर एक रुपया होईलच याची शाश्वती नसे. पुलाच्या कमानीचे किंवा ग्रहाच्या कक्षेचे गणित करणाऱ्याला त्या सूक्ष्म अंतराचे सोयरसुतक नव्हते. बँकेच्या खतावणीत मात्र एका पैशाचा फरक म्हणजे जमा-खर्चाचा मेळ न बसणे. कोबोलमध्ये 'पिक्चर' नावाच्या कलमात प्रत्येक अंकासाठी एक ९ आणि दशांशचिन्हाच्या जागी 'व्ही' हे अक्षर लिहिले की रक्कम दशमान पद्धतीने, पै-पैचा हिशेब राखून सांभाळली जाई. ज्या व्यवसायासाठी भाषा घडली त्याचे व्यवहारज्ञान असे तिच्या व्याकरणातच मुरलेले असते, आणि म्हणून भाषा उत्तम जाणणे म्हणजे निम्मेशिम्मे तो व्यवसाय जाणणे असे मी मानतो.

अल्गोल आणि लिस्प या भाषांची गोष्ट निराळी. जानेवारी १९६० मध्ये पॅरिसला जमलेल्या तेरा विद्वानांनी अल्गोल ६० चा मसुदा सिद्ध केला आणि पीटर नाऊर यांनी तो संपादित केला. त्याच सुमारास जॉन मॅकार्थी यांची लिस्प प्रकाशात आली. दोहोंपैकी एकीचाही व्यापारात शिरकाव फारसा झाला नाही. परंतु फोरट्रॅनमध्ये उपप्रोग्रॅमला स्वतःलाच हाक मारण्याची मुभा नव्हती आणि या दोन्ही भाषांत ती होती. त्यामुळे शाखेतून शाखा फुटणाऱ्या रचनांचा विचार, जो केवळ फोरट्रॅनवर वाढलेल्या माणसाला सुचणेच कठीण, तो या भाषा शिकलेल्याला सहजसाध्य झाला. अन्य कुळातील भाषा शिकण्याचा खरा लाभ हा आहे: पहिल्या भाषेने आपल्यापासून काय झाकून ठेवले होते ते तिच्यामुळे दिसते.

एकाच भाषेचा सर्वांत भव्य प्रयत्न आयबीएमने केला. एप्रिल १९६४ मध्ये शास्त्रीय आणि व्यापारी अशा दोन्ही कामांसाठी एकच यंत्रकुल म्हणून सिस्टिम ३६० जाहीर झाले, तेव्हा दोन्ही कामांसाठी एकच भाषाही हवी, हा तर्क ओघानेच आला; आणि फोरट्रॅनची सूत्रे, कोबोलच्या नोंदी व अल्गोलची रचना एकत्र करून पीएल/वन ही भाषा घडवण्यात आली. परिणाम असा झाला की ती संपूर्ण जाणणारा माणूस विरळा. ज्याला जेवढी लागे तेवढी तो शिके, आणि शास्त्रीय गणित करणाऱ्याची पीएल/वन हिशेबनिसाच्या पीएल/वनहून वेगळी दिसे. म्हणजे भाषा दोन होत्या त्या दोनच राहिल्या, फक्त नाव एक झाले. एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९७२ च्या आपल्या ट्यूरिंग व्याख्यानात या भाषेवर कठोर टीका केली. ती टीका मला न्याय्य वाटते. कारण माणसाच्या बुद्धीत सामावत नाही असे हत्यार कितीही समर्थ असले तरी ते चालवणाऱ्याच्या हाती त्याची सत्ता राहत नाही.

याच दशकात, १९६६ साली, पीटर लँडिन यांनी 'पुढील ७०० प्रोग्रॅमिंग भाषा' या अर्थाच्या शीर्षकाचा एक निबंध प्रसिद्ध केला. सातशेहून अधिक कार्यक्षेत्रांत सतराशे विशेष भाषा वापरल्या जात असल्याचा त्या काळचा एक अंदाज त्याच्या आरंभीच नमूद आहे, आणि लँडिन यांचे प्रतिपादन असे की, या भाषांतील पुष्कळसा भेद वरवरचा आहे. नावे कशी द्यावीत, त्यांची व्याप्ती कोठवर, एक गोष्ट दुसरीच्या संदर्भात कशी व्यक्त करावी, हा गाभा एक आणि त्या त्या क्षेत्रातील मूळ वस्तू व क्रिया तेवढ्या निराळ्या. भाषांची संख्या मोजण्यापेक्षा त्यांची कुळे मोजावीत, हे यातून निघते. आणि संख्येच्या वादात आजवर जे लिहिले गेले त्यात मला हे लेखन सर्वांत मोलाचे वाटते.

आता मुंबईकडे यावे. १९६१ साली एस्सो या तेल कंपनीने येथे आयबीएम १४०१ घेतला. १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली आणि फकीरचंद कोहली यांच्या हाती तिची सूत्रे आली. परदेशी यंत्र आणायचे तर परकीय चलनाची टंचाई, आयात परवान्याची दगदग आणि निर्यातीची हमी असा तो काळ. अशा स्थितीत १९७४ च्या सुमारास अमेरिकेच्या बरोज कंपनीचे काम मिळाले ते असे: इस्पितळांच्या हिशेबाचे प्रोग्रॅम बरोजच्या मध्यम यंत्रांच्या कोबोलमधून त्याच कंपनीच्या लहान यंत्रांच्या कोबोलमध्ये उतरवून द्यायचे. मुंबईतील मंडळींजवळ तेव्हा बरोजचे यंत्र नव्हते. होते ते आयसीएल १९०३ हे ब्रिटिश यंत्र. त्यांनी प्रत्येक प्रोग्रॅम हाताने बदलण्याऐवजी एका कोबोलचे दुसऱ्या कोबोलमध्ये रूपांतर करणारा एक गाळणीवजा प्रोग्रॅमच लिहिला. हे काम वरवर पाहता एकाच भाषेचे. तथापि दोन बोलींत कोणते वाक्य सारखे दिसून निराळे वागते आणि कोणते निराळे दिसून सारखे वागते, हे यंत्र समोर नसताना केवळ पोथ्यांवरून ओळखायचे, म्हणजे भाषेच्या पृष्ठभागाखाली कंपायलर काय करतो इथपर्यंत दृष्टी पोहोचलेली असावी लागते. आपल्या देशाच्या सॉफ्टवेअर निर्यातीच्या आरंभीच्या कामांत अशा खोलवरच्या ज्ञानाचा हा दाखला आहे, आणि त्याचा उल्लेख आपल्याकडे व्हावा तितका होत नाही याची मला खंत वाटते.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याला कोबोल लादण्यात यश आले होते. त्याच खात्याने पुढे आणखी मोठा हुकूम काढून पाहिला. शस्त्रास्त्रांत बसवलेल्या संगणकांसाठी आपल्याकडे किमान साडेचारशे भाषा आणि बोली चालू आहेत असा अंदाज निघाल्यावर १९७५ मध्ये त्याने एक कार्यगट नेमला. अपेक्षांचे मसुदे एकामागून एक कडक होत गेले. चार चमूंना स्पर्धेत उतरवून त्यांची खरी नावे झाकण्यासाठी हिरवा, तांबडा, निळा, पिवळा अशी रंगांची नावे देण्यात आली, आणि १९७९ मध्ये झाँ इश्बिया यांचा हिरवा आराखडा जिंकला. त्या भाषेला एडा लव्हलेस यांचे नाव मिळाले. तिच्या लष्करी प्रमाणाचा क्रमांक १८१५ हा लव्हलेस यांच्या जन्माचे वर्ष आहे. एडा ही विचारपूर्वक, परिश्रमाने रचलेली भाषा होती, आणि विमानोड्डाणासारख्या जोखमीच्या क्षेत्रांत ती आजही मान राखून आहे. खात्यातील भाषांची संख्याही १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ३७ वर उतरली. तरीही तिची सक्ती १९९७ मध्ये मागे घेण्यात आली, कारण एव्हाना बाहेरचे जग दुसऱ्याच वाटेने दूर निघून गेले होते.

ती वाट बेल लॅबोरेटरीजमध्ये आखली गेली होती. मार्टिन रिचर्ड्स यांची बीसीपीएल, तिच्यावरून केन टॉम्पसन यांची बी आणि बीवरून १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांची सी, अशी ही वंशावळ. सी ही लहान भाषा. १९७८ मध्ये कर्निहन आणि रिची यांनी तिच्यावर लिहिलेला ग्रंथ अडीचशे पानांचाही नाही. पीएल/वनच्या अगदी उलट, ती संपूर्ण डोक्यात ठेवता येई, आणि तिच्याभोवती युनिक्स या कार्यप्रणालीत शेल, ऑक, मेक, लेक्स, याक अशा एकेका कामापुरत्या लहान भाषांचा परिवार उभा राहिला. म्हणजे एक भाषा तळापर्यंत जाणायची आणि पाच-सात जुजबी, ही वहिवाट या धंद्यात प्रथम युनिक्सने घालून दिली. आपल्याकडे नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' हे पुस्तक हाती घेऊन इंजिनिअरिंगच्या एका अख्ख्या पिढीने पॉइंटरशी झुंज घेतली. त्या पिढीतील पुष्कळांनी पुढे जन्मभर जावा लिहिली असेल. पण स्मृतीतील घराचा पत्ता म्हणजे काय हे ज्याला एकदा कळले, त्याला टिफ्रॅकवर काम करणाऱ्यांचे ज्ञान एका परीने वारशाने मिळाले, असे मला वाटते.

१९९५ या एका वर्षात जावा, जावास्क्रिप्ट, पीएचपी आणि रुबी या भाषा लोकांपुढे आल्या, आणि वेबच्या व्यवहारात एकाच भाषेचा मनोरथ कायमचा बरखास्त झाला. न्याहाळकात जावास्क्रिप्ट, पलीकडच्या यंत्रावर दुसरी कोणती तरी, आणि विदागाराशी बोलायला एसक्यूएल, इतक्या भाषा साध्या दुकानाच्या संकेतस्थळालाही लागू लागल्या. यातील एसक्यूएलचे मूळ चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये आयबीएममध्ये मांडलेल्या भाषेत आहे. तिच्यात काय हवे ते सांगायचे असते, कसे शोधायचे ते नव्हे, आणि म्हणून ती सी-जावाच्या कुळाहून सर्वस्वी भिन्न आहे; पण तरुण मंडळी आपल्या भाषांची गणना करताना तिला बहुधा गाळतात. हंट आणि टॉमस यांनी १९९९ मधील आपल्या ग्रंथात दरवर्षी एक नवी भाषा शिकण्याचा उपदेश केला. पीटर नॉर्विग यांनी निरनिराळ्या विचारपद्धतींच्या अर्धा डझन भाषांची शिफारस केली. नॉर्विग यांनी संख्येबरोबर कुळांचा विचार केला म्हणून त्यांचे म्हणणे मला अधिक ग्राह्य वाटते. तथापि उत्तम जाणण्याचा अर्थ बरोजच्या कामात दिसला तसा घ्यायचा असेल, तर एका कारकिर्दीत दोन, फार तर तीन भाषा होतात, त्या परस्परभिन्न कुळांतील असाव्यात, आणि बाकीच्यांशी परिचय तेवढा पुरे.

थडग्याचा दगड जिच्यासाठी कोरला गेला ती कोबोल मात्र मेली नाही. २००० सालच्या संकटात दोनच अंकांत लिहिलेली वर्षे दुरुस्त करण्यासाठी भारतीय प्रोग्रॅमरांना तिच्याच ज्ञानाने काम मिळवून दिले. एप्रिल २०२० मध्ये, महामारीमुळे बेकारी भत्त्याचे अर्ज लोंढ्याने येऊन सरकारी यंत्रणा कोलमडू लागली तेव्हा, न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर आवाहन केले, आणि साठ वर्षे जुन्या भाषेवर वर्तमानपत्रांनी खापर फोडले. संगणकाच्या इतिहासकार मार हिक्स यांनी नंतर दाखवून दिले की, कोबोलमधील मूळ व्यवस्था आपले काम नीट करीत होती. दोष होता तो लोक ज्यावरून अर्ज भरत होते त्या संकेतस्थळात, आणि ते जावामध्ये लिहिलेले होते.